अक्काचा हात आणि गॅलरीतला कढीपत्ता

अक्का,

प्रश्न असा होता: आपल्या गॅलरीतला कढीपत्ता कोणाच्या हाताने वाळत होता?

हा प्रश्न मी मांडलेला नव्हता. मी मांडलेला प्रश्न वेगळा होता. पौषातल्या एका रविवारी मी वहीत लिहिले होते, 'कढीपत्त्याची पाने टोकाकडून करपत आहेत. कारण शोधणे.' त्यात हात हा शब्दच नव्हता. तो नंतर आला, बाहेरून आला, आणि मी त्याला घरात येऊ दिले. आता तू नाहीस, म्हणून दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहितो आहे. वेळ संपल्यावर दिलेली उत्तरपत्रिका तपासली जात नाही, हे मीच पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. तरीही लिहितो.

झाड तुझे होते, हे आधी नोंदवले पाहिजे, कारण मधल्या काही महिन्यांत मी ते माझे असल्यासारखा वागलो. दाजी गेल्यानंतर सुरतेतल्याच लिंबायतची खोली सोडून तू माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हा रिक्षातून दोन पिशव्या, एक रवी आणि तेलाच्या डब्यात लावलेले हे रोप एवढेच उतरले. रिक्षावाला डबा खाली ठेवू लागला तर तू ओरडलीस, "हळू रे भाऊ, लेकरू शे ते!" तो हसला. मीही हसलो. दोन दिवसांनी मी बाजारातून मातीची मोठी कुंडी आणली आणि तू ते लेकरू त्यात बसवलेस. मी तुला कुंडीच्या तळाच्या छिद्राचे महत्त्व समजावून सांगितले. तू ऐकून घेतलेस आणि मग म्हणालीस, "माले ठाऊक शे. डब्याले बी मी खिळा मारेल होता."

नऊ वर्षे ते झाड नीट वाढले. खालच्या मजल्यावरच्या कुसुमताई वाघ फोडणी टाकण्याआधी जिन्यातूनच हाक मारायच्या, "अक्का, दोन काड्या टाका हो!" आणि तू गॅलरीतून काड्या खाली सोडायचीस. भांडण एवढेच व्हायचे की तू पाणी घालताना हात आखडत नसायचीस. कुंडीच्या खालून पाणी वाहू लागेपर्यंत तुझा तांब्या थांबत नसे, आणि ते पाणी खालच्या दोरीवर ठिबकत असे. "मास्तर," कुसुमताई एकदा वर येऊन म्हणाल्या, "तुमचं झाड आमच्या साड्यांवर रोज शिंकतंय. त्याला काहीतरी औषध द्या." तू हसता हसता पदर तोंडाला लावलास. मी मात्र ती तक्रार म्हणून घेतली आणि दिवाळीच्या आधी गॅलरीतल्या दोन्ही कुंड्यांखाली, कढीपत्त्याच्या आणि गवती चहाच्या, खोलगट थाळ्या ठेवल्या. पाणी थाळ्यांत साठू लागले आणि तेथूनच पुन्हा मातीत शोषले जाऊ लागले. साड्या कोरड्या राहिल्या. मला एक प्रश्न सुटल्याचे समाधान मिळाले.

त्याच दिवाळीनंतर तुझा उजवा खांदा धरला आणि घरातले ताक घुसळणे बंद झाले. तोपर्यंत दर गुरुवारी लोणी काढल्यावर वाटीभर ताक तू कढीपत्त्याला घालत असायचीस. कढीपत्त्याला ताक मानवते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असते. रवी तू फडताळात ठेवलीस आणि मी कोपऱ्यावरच्या डेअरीतून पिशवीत बांधलेली छाश, म्हणजे इथले ताकच, आणू लागलो. जेवणात ती, आणि गुरुवारची झाडाची वाटीही तीच. मी नियम मोडला नाही. वार चुकवला नाही, माप चुकवले नाही. वहीत 'ताक' या शब्दापुढे दर गुरुवारी बरोबरची खूण आहे.

पौषात पाने करपू लागली. आता जे लिहितो ते तुला ठाऊकच आहे, पण हा मजकूर इतरही वाचतील, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. आजारी झाडाकडे पाहताना पहिली गोष्ट ही पाहावी की दुखणे जुन्या पानांत आहे की नव्या. जुनी पाने सरसकट फिकट पिवळी पडत असतील, तर झाडाला बहुधा पोषण कमी पडते आहे. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहत असतील, तर बहुधा लोह मिळत नाही. पाने मऊ पडून मातीला कुबट वास येत असेल, तर मुळे पाण्यात गुदमरत आहेत. आपल्या झाडाचे तिन्ही नव्हते. पाने टोकाला आणि कडांना तपकिरी, कुरकुरीत होत होती, आधी खालची, मग वरची. आणि माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकत होते. हे चौथे चित्र काय सांगते, ते मी मुलांना पाठ्यपुस्तकातून शिकवले आहे. आपल्या गॅलरीत मला ते ओळखू आले नाही.

मी काय केले, ते क्रमाने लिहितो. मागच्या गल्लीतल्या लूमच्या खात्यांतून, म्हणजे कापडाच्या कारखान्यांतून, उडणारा तंतू पानांवर बसतो, म्हणून एका रविवारी ओल्या फडक्याने सगळी पाने पुसली. फरक पडला नाही. भिंगातून पानांची मागची बाजू पाहिली, कीड नव्हती. बोअरच्या पाण्याचा संशय आला म्हणून महिनाभर पालिकेचे पाणी घातले. फरक पडला नाही. मग उरला एकच आरोपी, तुझा तांब्या. घरातली झाडे उपासाने मरण्यापेक्षा जास्त पाण्याने मरतात, हे माझे आवडते वाक्य. मी तुला पाणी निम्मे घालायला सांगितले. झाड आणखी करपले, तर ते आणखी कमी केले. आणि अशक्त झालेल्या जिवाला बळ हवे, म्हणून ताकाची वाटी गुरुवारबरोबर सोमवारीही सुरू केली.

तू गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून हे पाहत असायचीस. एक दिवस उठून आलीस, करपलेले पान दोन बोटांत चुरगाळलेस आणि म्हणालीस, "भाऊ, याले तहान नही लागेल. याले काहीतरी बाधी ऱ्हायनं."

"काय बाधतंय?"

"ते माले काय ठाऊक? पन माटी देख. पांढरी फुटनी तिले."

खरेच कुंडीच्या कडेला पांढुरके काहीतरी धरले होते. मी म्हणालो, "बुरशी असेल."

"बुरशी मऊ ऱ्हास. हाई खरखरीत शे. बापूंच्या चोपण जमिनीले अशीच पांढरी फुटे. बांध घालीसन पानी भरेत, नि सोडी देत. तू माटीले एकदा धुई काढ."

"जास्त पाण्यानंच आजारी पडलंय आणि त्यावर आणखी पाणी? अक्का, शेत वेगळं आणि कुंडी वेगळी."

तू कमरेवर हात ठेवलास. "प्लेगनंतर आख्खं सुरत धुई काढं त्यास्नी. तुले एक कुंडी धोवता येत नही?"

मी हसलो, पण ते उत्तर टाळण्याचे हसणे होते. वडिलांच्या शेतात तू बारा वर्षे राबली होतीस, आणि मी तेव्हा बोर्डिंगात राहून माती या धड्याची उत्तरे लिहीत होतो. आपल्या दोघांत माती कोणी जास्त पाहिली होती, हे ठरवायला कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती.

आता मी ज्या दुपारपाशी आलो आहे, ती टाळून हा लेख पूर्ण करता आला असता. पण मग तो खोटा ठरला असता.

होळीच्या आधीचा आठवडा होता. मी खुर्चीत बसून नववीच्या चाचणीचे पेपर तपासत होतो. कुसुमताई काड्या मागायला वर आल्या आणि झाड पाहून थबकल्या. "अगं बाई, याला काय झालं?" मग तुझ्याजवळ बसून, आवाज उतरवून, अगदी मायेने म्हणाल्या, "अक्का, राग नका मानू हं. पण तुम्ही याला जरा हात कमी लावा. आमच्या आई म्हणायच्या, ज्या हातातल्या बांगड्या गेल्या, तो हात हिरव्याला सोसत नाही."

तू माझ्याकडे पाहिलेस.

अक्का, मी ते वाक्य ऐकले होते. माझा लाल पेन थांबला होता. विधवेच्या हाताने झाड वाळत नाही, हे मला जितके पक्के ठाऊक होते, तितके जगात फार थोडे ठाऊक असेल. अंधश्रद्धा या विषयावर दरवर्षी शाळेत भाषण मीच करतो. एक वाक्य पुरे होते. पण त्याच क्षणी माझ्या मनात दुसरा विचार आला: हिने हात लावायचे थांबवले तर पाणी आपोआप कमी होईल आणि माझा प्रयोग बिनअडथळा चालेल. मी मान खाली घातली आणि पुढचा पेपर घेतला. त्या रात्रीची नोंद वहीत आहे. ती शब्दशः उतरवतो: 'आजपासून अक्का झाडाला पाणी घालणार नाही. सोयीचे झाले.'

जेवताना तू विचारलेस, "तुले बी तसंच वाटस का रे, भाऊ?"

"कसं?"

"कुसुम बोलनी तसं."

"प्रयोग चालू आहे अक्का. तो संपेपर्यंत मधे नको येऊस."

हे होय नव्हते आणि नाहीही नव्हते. मुलांनी असे उत्तर लिहिले तर मी गुण कापतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघालो होतो. तू मला दारात थांबवलेस आणि गॅलरीतल्या दुसऱ्या कुंडीकडे बोट दाखवलेस. तिच्यात गवती चहा होता, हातभर उंच, तकतकीत. "मना हात जर वाईट शे, त हाऊ चहा का बरं हिरवागार शे? याले बी मीच पानी घालस. तोच तांब्या, तोच हात."

अक्का, विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगतो, त्या साऱ्या प्रकरणात नीट मांडलेला प्रयोग हा एकच होता. गॅलरी तीच, ऊन तेच, पाणी तेच, हात तोच. मग एक रोप वाळते आणि दुसरे वाढते, तर दोघांत जे वेगळे आहे ते शोधायचे असते. पाने करपू लागली तेव्हा वेगळी होती ती फक्त ताकाची वाटी. गवती चहाला मी ताक घालत नव्हतो. तू मला उत्तराच्या दारात आणून उभे केले होतेस. मी चपला घालत म्हणालो, "एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही." माझ्या बाजूला किती उदाहरणे होती, ते तू विचारले नाहीस.

त्यानंतर तू कढीपत्त्याला हात लावला नाहीस. गॅलरीत कपडे वाळत घालताना त्याच्या बाजूने अंग चोरून जायचीस. एवढेच झाले असते, तर मी कदाचित स्वतःला माफ केले असते. पण तू हात आणखी पुष्कळ ठिकाणांहून काढून घेतलास. कैरीच्या लोणच्याला फोडी करून दिल्यास, पण बरणीत भरायला कुसुमताईंना बोलावलेस. चैत्रात गच्चीवर पापड झाले. दरवर्षी पीठ मळण्याचा मान तुझा. तुझ्या हाताचे पापड फुटत नाहीत, असे सगळ्या बिल्डिंगचे म्हणणे. मी शाळेतून येऊन वर डोकावलो, तर बायका लाटत होत्या आणि तू टाकीच्या सावलीत काठी घेऊन बसली होतीस.

"अक्का, या ना मळायला," कोणीतरी म्हणाले.

"मी कावळे हाकलस. तुम्ही लाटा."

"आमच्यापेक्षा तुम्हाला कावळे प्रिय झाले का?"

सगळ्या हसल्या, तूही हसलीस. मी जिन्यावर उभा होतो. मनात म्हटले, खांदा दुखत असेल. हेही मी तपासले नाही. तपासले असते तर मला माझ्या खुर्चीपर्यंत परत यावे लागले असते.

आणि एक शेवटचे संभाषण. तुला बरे वाटेनासे झाले, त्याच्या दोन-तीन दिवस आधीचे. रात्रीच्या खिचडीबरोबर तू छाशीचा घोट घेतलास आणि वाटी खाली ठेवलीस. "हाई भलती खारी शे." थोडा वेळ वाटीत बघत राहिलीस. मग विचारलेस, "भाऊ, झाडले बी हाईच घालस का?"

"तुला त्यात लक्ष घालायला कोणी सांगितलंय? जेव आधी."

तू जेवलीस. मी हा प्रसंग पुष्कळदा आठवून पाहिला आहे. तुझा आवाज साधा होता, पण तू ती वाटी पुन्हा उचलली नाहीस. तुला त्या क्षणी कळले होते, असे मला आता वाटते. ते सिद्ध करण्याचा कोणताही मार्ग माझ्यापाशी नाही, कारण ज्या एका व्यक्तीला विचारता आले असते तिला मी गप्प केले होते. वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात तू गेलीस.

सुतकात आपल्या घरी चूल पेटली नाही. कुसुमताईंकडून दोन्ही वेळचे ताट यायचे. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी खिचडीबरोबर घरी घुसळलेले ताक आणले. मी घोट घेतला आणि ते मला पाण्यासारखे अळणी लागले.

"मीठ वरून घ्या मास्तर," त्या म्हणाल्या. "ताकात मीठ घालून ठेवायचं नाही, हे मला अक्कांनीच शिकवलं. म्हणायच्या, ज्याला पाहिजे त्यानं आपल्या वाटीत घ्यावं. त्यातलं वाटीभर झाडाचं असतं."

मी ताटावरून उठलो. त्यांना वाटले की मला रडू आले असेल. ते नंतर आले. त्या वेळी मी गॅलरीत जाऊन कुंडीच्या कडेची पांढरी खपली नखाने काढली आणि जिभेला लावली. ते मीठ होते.

इथे मला डेअरीवाल्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर दोष त्याच्याकडे जाईल. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारले होते, "साहेब, मीठावाळी आपुं के मोळी?" मोळी म्हणजे बिनमिठाची. "मीठावाळी," मी म्हणालो होतो, कारण मला ती जेवणात आवडते. सहा महिने मी रोज ती प्यायलो, छान खारट आहे असे मोठ्याने म्हणालो, आणि आठवड्यातून एक वाटी, पुढे दोन वाट्या, मोजून झाडाला घातली. जिभेला जे कळत होते ते वहीत उतरले नाही. वहीत 'ताक' एवढाच शब्द होता, आणि त्या शब्दाचा अर्थ माझ्या डोक्यात अजूनही तुझ्या रवीने घुसळलेले ताक असाच होता.

जिभेवर विसंबू नये म्हणून मी शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. सुट्टी होती, शिपायाने शाळेचे दार उघडून दिले. तीन परीक्षानळ्या घेतल्या. पहिलीत आपल्या नळाचे पाणी, दुसरीत गवती चहाची माती ढवळून गाळलेले पाणी, तिसरीत कढीपत्त्याच्या मातीचे. तिन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले; पाण्यात मीठ असेल तर त्याने पांढरा साका धरतो. पहिलीत किंचित धूसर झाले, दुसरीत त्याहून थोडे अधिक. तिसरीत दह्यासारखा पांढरा साका तळाशी बसला. हा प्रयोग मी दरवर्षी दहावीला करून दाखवतो आणि निष्कर्ष फळ्यावर लिहितो. त्या दिवशी फळ्यावर काही लिहिले नाही. थोडे सिल्व्हर नायट्रेट एका लहान बाटलीत घेऊन घरी आलो.

मिठाने झाड कसे आजारी पडते, ते सांगतो. मातीत मीठ साठले की मुळांना भोवतालचे पाणी ओढून घेता येत नाही. माती ओली असते आणि झाड तहानलेले राहते. मीठ पानांच्या टोकांशी आणि कडांशी जमते आणि तो भाग जळतो. अशा वेळी पाणी कमी केले तर मातीतले मीठ अधिकच तीव्र होते. खाली थाळी असेल तर धुऊन गेलेले मीठही परत येते. म्हणजे तुझ्या तांब्यातले खालून वाहून जाणारे पाणी, ज्याला मी दोष दिला, तेच नऊ वर्षे त्या कुंडीची माती साफ ठेवत होते. मी थाळी ठेवली, पाणी तोडले, मीठ वाढवले, आणि तुझा हात बाजूला केला. चारही गोष्टी माझ्या.

उपाय तू सांगितला होतास तोच केला. थाळी काढली. कुंडी दोन विटांवर ठेवली, तळाचे छिद्र खिळ्याने मोकळे केले. वरची पांढरी माती बोटभर खरवडून टाकली. मग साधे पाणी सावकाश ओतले, बादलीभर, खालून वाहून जाईपर्यंत, थांबलो, पुन्हा ओतले. असे तीन दिवस सकाळी केले आणि खालून येणारे पाणी दर वेळी तपासले. तिसऱ्या दिवशी साका फार थोडा आला. वाळलेल्या काड्या हिरवे लाकूड लागेपर्यंत छाटल्या. कुंडी कडक उन्हातून आत घेतली. खत नाही, ताक नाही, काही नाही. आजारी झाडाला खाऊ घालण्याची घाई करू नये, हे मी आता शिकलो आहे.

कुसुमताईंना पहिल्याच दिवशी सांगावे लागले, कारण पाणी त्यांच्या दोरीवर पडणार होते. मी खाली गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

"कुसुमताई, तीन दिवस साड्या आत वाळवा. कुंडी धुतो आहे. आणि एक सांगायचं होतं. अक्काच्या हातात काही दोष नव्हता. छाशीतलं मीठ होतं. छाश मी घालत होतो."

त्यांचा हात सुपात थांबला. "मीठ?"

"हो. तपासून पाहिलं."

"म्हणजे हाताबिताचं काही नव्हतंच?"

"नव्हतं."

"हे तुम्हाला आत्ता कळलं, की तेव्हाही ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "मिठाचं आत्ता कळलं. हाताचं तेव्हाही ठाऊक होतं."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "मास्तर, मी चौथी शिकलेली. आईनं सांगितलं ते मी बोलले. तुम्ही तिथं खुर्चीत बसला होतात. एक शब्द बोलला असतात, 'कुसुमताई, हे खोटं आहे,' एवढंच, तर मी तिथल्या तिथं अक्कांचे पाय धरले असते. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, मास्तरांनाही पटलंय."

हे मी अपेक्षिले नव्हते. मी समजत होतो की मी फक्त गप्प बसलो. वर्गात शिक्षक गप्प राहिला तर मुले उत्तर बरोबर आहे असे समजतात, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तू जन्मभर माझी बहीण म्हणून आणि थोडीशी माझी विद्यार्थिनी म्हणूनही माझ्याकडे पाहत आलीस. माझी मान खाली गेली, आणि तू तेच उत्तर धरून चाललीस.

काल झाडाच्या छाटलेल्या बुंध्यावर तीन ठिकाणी मोहरीएवढे हिरवे डोळे दिसले. ते जगेल, असे वाटते. मला आनंद झाला, हे लपवत नाही. पण तो आनंद सांगायला मी आत वळलो आणि आत कोणी नव्हते. मी तुझे आभार कधी मानले नाहीत. रोज सकाळी डबा भरून दिल्याबद्दल नाही, माझी भाषणे ऐकून घेतल्याबद्दल नाही, माझ्या चुका माझ्याआधी ओळखून गप्प बसल्याबद्दल तर नाहीच. मी तुझी भाषा मात्र सुधारत राहिलो. माटी नव्हे, माती.

उत्तर लिहितो. कढीपत्ता माझ्या हाताने वाळत होता. तुझ्या हाताने तो नऊ वर्षे जगला होता. ही गोष्ट मी तुझ्या समोर, कुसुमताईंच्या समोर, होळीच्या आधीच्या त्या दुपारी सांगायला हवी होती. तेवढे ज्ञान माझ्याजवळ तेव्हाही होते.

वाचकांना एक विनंती आहे. मी शिक्षक आहे आणि मी प्रयोग केला आहे, एवढ्यावर हे खरे मानू नये. एकसारखी दोन रोपे एकाच जागी ठेवावीत. दोन्हींना एकच पाणी द्यावे, एकाला आठवड्यातून वाटीभर खारी छाश, दुसऱ्याला बिनमिठाची. खाली थाळी ठेवावी आणि दोन-तीन महिने पानांची टोके पाहत राहावे. रोज पाणी घालायला घरातल्या अशा एखाद्या बाईला सांगावे, जिचा हात झाडांना चालत नाही असे कोणी म्हणाले असेल. मग जे दिसेल ते तिच्यासमोर मोठ्याने सांगावे. माझे म्हणणे चुकीचे निघाले तर मला कळवावे. कृपया, आपण स्वतः तपासून पाहावे.